रांगेतल्या माणसाचे हात

त्याला लहानपणापासून सगळे नकल्या म्हणत, आणि हे नाव काही कुणी उगाच पाडलं नव्हतं. घरी पाहुणे येऊन गेले की दार लागायच्या आत हा त्यांची चाल चालून दाखवायचा. शाळेत हेडमास्तर कसे खोकतात याचं प्रात्यक्षिक त्याने एकदा खुद्द हेडमास्तरांपुढे दिलं होतं. अर्थात, ते पाठीमागे येऊन उभे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. मोठं झाल्यावर मूल सुधारेल अशी आईवडिलांची एक समजूत असते. नकल्या सुधारला नाही. तोंडाच्या नकला सोडून तो हाताच्या करायला लागला, एवढंच. म्हणजे तो चित्रं काढू लागला, आणि तीसुद्धा दुसऱ्यांच्या हातची.

पोटापाण्याला तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येत, आणि तळघरातल्या एका लांबट खोलीत बसून नकल्या त्या ठशांवरून दात बसवत असे. खोलीत तीन टेबलं, मेण वितळवायचे छोटे दिवे आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. नवा माणूस आत आला की पहिल्यांदा दचकायचाच, कारण इतके जबडे एकदम आपल्याकडे बघून गप्प बसलेले आपण एरवी पाहत नाही. खोलीचे मालक म्हणजे उस्ताद. त्यांनी नकल्याला कामाला लावलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सगळे दात सरळ, एका मापाचे, पांढरेशुभ्र बसवलेस ना, तर माणूस हसल्यावर पेटीच्या पट्ट्या उघडल्यासारखा दिसेल. आधी त्याचा जुना फोटो बघ. कुठे वाकडं होतं ते शोध. तेवढं वाकडं ठेव."

हे ऐकून नकल्या हरखला होता. जन्मभर ज्या खोडीसाठी मार खाल्ला तिच्यासाठी पगार देणारा माणूस त्याला भेटला होता.

वडिलांची कवळी त्यानेच केली. आईने त्या वेळी तळघरातल्या स्टुलावर ठाण मांडलं होतं. पर्समधून एक जुना फोटो काढून तिने टेबलावर ठेवला. त्यात बाबा हसत होते आणि पुढचा एक दात शेजारच्या दातावर रेलला होता. "हा तिरकाच राहू दे," आई म्हणाली. "सरळ केलास तर मी या माणसाला ओळखायची नाही."

"दात माझे आहेत," बाबा म्हणाले. "मला कुणी विचारणार आहे की नाही?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही हसता तेव्हा ते मला दिसतात."

दात तिरका राहिला.

नकल्याच्या वेबकॉमिकचा नायक होता एक मोजा. निळा, ओला, टाचेला भोक पडलेला आणि एकटा. त्याची जोडी कुठल्याशा धुण्यात हरवली होती. दर रविवारी हा मोजा जोडी शोधायला निघायचा आणि थेट दुसऱ्याच एखाद्या चित्रकाराच्या कॉमिकात जाऊन शिरायचा. एकदा शिरला की रेघा त्या चित्रकाराच्या, बोलणं त्याचं, रुसवे-फुगवेही त्याचेच.

एक चित्रकार गुप्तहेरांच्या गोष्टी काढायचा. त्याच्याकडे सदा पाऊस, सदा अंधार, आणि प्रत्येकाचा अर्धा चेहरा शाईत बुडवलेला. तिथे मोज्याला चौकशीसाठी दिव्याखाली बसवलं. "काल कुठल्या पायात होतास?" मोजा म्हणाला, "माझ्या वकिलाशिवाय बोलणार नाही." वकील म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा आला, आणि त्याने आल्या आल्या आपल्याच अशिलाला पकडलं. दुसरी एक मुलगी सगळ्यांना बशीएवढाले डोळे काढायची आणि दर चौथ्या चौकटीत ते भरून आणायची. तिच्याकडे गेल्यावर मोज्यालाही डोळे फुटले, तेही भरून आले. पण मोजा मुळातच ओला. तो रडतोय की नुसता गळतोय हे कुणालाच ठरवता येईना, आणि शेवटी सगळ्यांनी त्याला पिळला. तिसरा एक जण शेवटच्या चौकटीत मावळता सूर्य आणि एक सुविचार टाकल्याशिवाय वाचकाला घरी सोडत नसे. तिथे मोज्याने सूर्याकडे पाहून फार गंभीर चेहरा केला, "आयुष्य म्हणजे..." इतकं म्हणाला, आणि वाळला. वाळल्यावर तो बोलत नसे.

लोकांना हे भलतंच आवडायचं. डोळेवाल्या मुलीने स्वतःहून कळवलं की तिची आईही हसली. सुविचारवाला मात्र रागावला आणि त्याने राग गिळण्याविषयी एक लांबलचक भाग काढला, मावळत्या सूर्यासकट.

कुणाची थट्टा करायची ठरली की नकल्या त्या माणसाचे सगळे भाग पहिल्यापासून वाचून काढायचा. रेघ कुठे जाड होते, नाक कुठून सुरू होतं, झाडं का सगळी डावीकडे झुकतात, हे पाठ होईपर्यंत गिरवत बसायचा. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दमून घरी आली की ती त्याच्या टेबलाशी थांबायची. "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं आहेस का?" यावर नकल्याने एकदा ती औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर लावताना कशी भुवया गोळा करते ते करून दाखवलं. हुबेहूब झालं. तिने हातातली पिशवी फेकून मारली आणि मग बराच वेळ एकटीच हसत राहिली.

आई गेली तेव्हा बाबांनी कवळी काढली. भांडण नाही, रडणं नाही. पेल्यात पाणी घेतलं, कवळी त्यात टाकली आणि पेला खिडकीत ठेवून दिला. पुढे दिवसचे दिवस ते खुर्चीत बसून असत. बिस्किट चहात बुडवून खात. विचारलं तर मान हलवत. नकल्याने सगळ्या नकला करून पाहिल्या. उस्ताद, शेजारी, दूधवाला, खुद्द बाबांची स्वतःची नक्कल. बाबा सभ्यपणे बघायचे आणि परत खिडकीकडे तोंड करायचे. जन्मभर लोकांना हसवणाऱ्या माणसाला घरातलं एक माणूस हसवता येऊ नये, याने नकल्या आतून पार खचला होता.

अशात एका बुधवारी त्याने बाबांसमोर फोन धरला. त्यावर 'रांग' नावाच्या कॉमिकचा नवा भाग होता. 'रांग' कोण काढतं हे कुणाला माहीत नव्हतं. कोपऱ्यात सहीच्या जागी फक्त एक बटण काढलेलं असे. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. लांब कोट घातलेला एक माणूस दर भागात रांगेत उभा असतो. रांग कशाची आहे हे त्याला ठाऊक नसतं, पुढच्याला ठाऊक नसतं, आणि विचारणं कुणालाच बरं वाटत नाही. त्या दिवशीच्या भागात रांग हलत हलत खिडकीपाशी येते. आतला कारकून 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावतो, बाहेर येतो, आणि मुकाट्याने त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो.

बाबा बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसून निवृत्त झालेले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. ओठ हलले, गाल आत ओढले गेले, पुन्हा सुटले. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"काय हवंय? पाणी?"

"कवळी दे," बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले. "नीट हसता येत नाहीये."

नकल्याने पेला इतक्या घाईने आणून दिला की अर्धं पाणी फरशीवर सांडलं. बाबांनी कवळी बसवली आणि ते हसले. तिरक्या दातासकट हसले. स्वयंपाकघरातून बायको धावत आली आणि दारातच थबकली. "मी आयुष्यभर रांगेचं तोंडच पाहिलं," बाबा डोळे पुसत म्हणाले. "तिचं शेपूट आज पहिल्यांदा बघतोय."

तेव्हापासून बुधवार हा त्या घरात वेगळाच दिवस झाला. बाबा सकाळी दाढी करून, कवळी लावून बसायचे. त्या बटणवाल्या अनोळखी माणसाचे उपकार कसे फेडावेत हे नकल्याला कळत नव्हतं. दहा वेळा त्याने आभाराचं लिहायला घेतलं आणि दहाही वेळा लाज वाटून पुसलं. आभार मानायची त्याला सवयच नव्हती. त्याला येत होती ती नक्कल.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

सुरुवात बाबांनीच केली. एका बुधवारी ते म्हणाले, "या माणसाचे हात कुठे आहेत रे?" दोघांनी जुने भाग काढून पाहिले. कोटवाल्याचे हात कायम खिशात. त्याच्या मागच्याचे पाठीशी. बाईचे हात गाठोड्याखाली, पोराचे आईच्या पदराआड, कारकुनाचे टेबलाच्या पलीकडे. एका भागात दोन माणसं हस्तांदोलन करत होती, पण ते नेमकं खांबामागे. "याला हात काढताच येत नाहीत!" बाबा ओरडले आणि बापलेक गडाबडा लोळायचे बाकी राहिले.

त्या रविवारी मोजा रांगेत शिरला. नकल्याने जीव ओतून काढलं. कोटाचा तोच ढगळपणा, तेच उतरलेले खांदे. मोजा विचारतो, "माझी जोडी पाहिलीत का?" कोटवाला म्हणतो, "पाहिली असती तर बोट दाखवलं असतं." सगळी रांग हळूहळू पुढे सरकते, आणि शेवटी खिडकीवर पाटी दिसते: 'हात संपले आहेत. उद्या या.'

लोकांनी तो भाग अक्षरशः डोक्यावर घेतला. जो तो 'रांग'चे जुने भाग उकरून हात शोधायला लागला. बाबाही हसले. नकल्याला वाटलं, आपण आपल्या परीने आभारच मानले.

पुढच्या बुधवारी 'रांग'मध्ये हात होते. कोटवाल्याने दोन्ही हात खिशातून बाहेर काढले होते, आणि ते फुगवलेल्या रबरी हातमोज्यांसारखे दिसत होते. एका हाताला सहा बोटं होती. वाचकांनी एकच गिल्ला केला. हे यंत्राकडून काढून घेतलंय, कुणी म्हणालं. खरा चित्रकार गेला, त्याच्या जागी कुणीतरी भामटा बसलाय, दुसऱ्याने शोध लावला. आणि एका शहाण्याने लिहिलं: यापेक्षा त्या मोजेवाल्याची नक्कल अस्सल होती. त्याखाली शेकड्यांनी होकार. त्यानंतरच्या बुधवारी चित्र आलंच नाही. फक्त एक ओळ आली: 'रांग काही दिवस बंद आहे.' त्यापुढच्या बुधवारी ओळही नाही.

बाबा दाढी करून बसायचे. मग दाढी न करता बसू लागले. एका बुधवारी दुपारी नकल्या कामावरून आला, तर पेला पुन्हा खिडकीत होता आणि कवळी पाण्यात.

"आपण घालवलं रे तिला," बाबा म्हणाले. रांगवाली ही बाईच असणार असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. "हात मी दाखवले. चित्र तू काढलंस."

नकल्याने खिडकीतल्या पेल्याकडे पाहिलं. ज्या माणसाने बापाला हसू परत दिलं, त्याच माणसाचा हात आपण जायबंदी केला, आणि हसूही परत गेलं. बायकोने जेवताना सरळच सांगितलं, "थट्टा सगळ्यांसमोर केलीस ना? मग माफी लपूनछपून कशाला? लिही. आणि यावेळी पुसू नकोस."

लिहायला बसल्यावर वेगळाच घोळ झाला. पहिला मजकूर लिहिला तो थेट सुविचारवाल्याच्या वळणाचा निघाला. दुसरा वाचताना डोळेवाल्या मुलीची आठवण झाली, इतका तो ओलाचिंब होता. स्वतःच्या वतीने चार वाक्यं लिहायची तर कुठल्या आवाजात लिहायची हे या माणसाला माहीतच नव्हतं. शेवटी त्याने बाबांना पुढ्यात बसवलं आणि घडलं ते लिहिलं. आई गेली, वडिलांनी कवळी काढली, तुमचा कारकून रांगेच्या शेवटी उभा राहिला तेव्हा त्यांनी ती परत मागितली. मी आधी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी थट्टा केली. चुकलो. मोजेवाला.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. एका गल्लीतल्या दुकानाचा पत्ता, आणि खाली: 'बुधवारी दुकान बंद असतं. या. तुमचं पेन घेऊन या. मला तुमच्याकडून एक गोष्ट शिकायची आहे.'

"मीही येतो," बाबा म्हणाले आणि कोट घालायला उठले.

दुकान होतं कपडे दुरुस्तीचं. उंची कमी करून मिळेल, अस्तर बदलून मिळेल, खिसे नवे लावून मिळतील. आत दांडीवर कोटच कोट, शिवणयंत्र, खडूचे तुकडे आणि बरण्यांमध्ये बटणं. शिंपीणबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या; गळ्यात टेप, कॉलरला टाचण्या. त्यांनी नकल्याकडे आपादमस्तक पाहिलं, जणू माप घेत होत्या.

"तुम्ही मोजेवाले?"

"हो. बाई, मला खरंच..."

"माफीबिफी नंतर. बसा." त्यांनी कापायच्या टेबलावर कोरा कागद पसरला. "मला हात येत नाहीत. तुम्ही बरोबर पकडलंत. बोटं काढायला गेले की केळ्यांचा घड होतो. म्हणून तर खिसे इतके निगुतीने काढते. सगळेच हात लपलेत हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा."

नकल्या ततपप करू लागला.

"राग आला होता, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "पण एक कळत होतं. माझे सगळेच्या सगळे भाग पाहिल्याशिवाय ते चित्र कुणाला काढता आलं नसतं. इतकं निरखून आजवर माझं कुणी काही पाहिलं नव्हतं. घरच्यांनी तर नाहीच." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "पण आता पेन टेकवलं की आधी तुमचा मोजाच दिसतो. खिसा काढावा तर वाटतं, लोक म्हणणार, बघा, लपवला. मी आधी कशी काढत होते तेच मला आठवेनासं झालंय. तुम्हाला माझं पाठ आहे ना? शिकवा मला."

जिच्यापुढे मान खाली घालायला आलो, ती म्हणते माझी चित्रं मला शिकव. पण नाही म्हणायची सोयच नव्हती. त्याने पेन उघडलं आणि कोटवाला काढला. रेघ न् रेघ तिच्या हातची. बाईंनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा कशाची वाट बघत नाहीये."

त्याने दुसरा काढला. या वेळी भीतीने आणि आदराने त्याचा हात इतका जपून चालला की सगळं सुतासारखं सरळ आलं. खांदे सरळ, कोट सरळ, खिसा तर पट्टीने आखल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नकलेतलं वाकडं हरवलं होतं.

"हा खिसा आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"यात हात जाईल?"

"म्हणजे..."

"अहो, असा खिसा लावून दिला तर गिऱ्हाईक कोट माझ्या अंगावर फेकून जाईल! हात वरून येतो की बाजूने? बाजूने ना? मग खिशाचं तोंड तिरकं नको? सरका." त्यांनी पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि त्याच्या चित्रावर सरळ रेघा ओढायला लागल्या. "आत मूठ आहे. मुठीला वजन असतं. मग कापड इथे खाली ओढलं जातं, इथे चुणी येते, आणि खांदा, हा खांदा असा पडतो. शी! काय लाकूड करून ठेवलंय याचं." चुण्यांवरून त्या बाहीवर गेल्या, बाहीवरून मागच्या माणसावर, आणि मागच्याच्या मागे अजून एक उभा राहिला. रांग कागदाच्या कडेपर्यंत आली तेव्हा त्यांनी न बघताच दुसरा कागद ओढून जोडला. नकल्या बाजूला सरकून बघत होता. पाठ झालेल्या त्या रेघा तो पहिल्यांदाच जिवंत उमटताना पाहत होता.

मध्येच बाईंनी मान वर केली. बाबा दाराशी, कोटांच्या दांडीलगत, दोन्ही हात खिशात घालून उभे होते.

"हलू नका!" बाई ओरडल्या.

बाबा जागच्या जागी गोठले. बाईंनी भराभर चार रेघा मारल्या. मग पेन थांबलं. "उजव्या खिशात काय धरलंय? जड दिसतंय."

बाबा कानकोंडे झाले. "कवळी."

"कुणाची?"

"माझीच. म्हटलं, हसायची वेळ आली तर जवळ असलेली बरी."

बाईंनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा कागदावरच्या कोटवाल्याकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की टेबलावरच्या टाचण्या सांडल्या. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, रुमालात काहीतरी खुडबुड केली आणि वळले ते हसतच वळले.

"छान बसलेत दात," बाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांची शिंपिणीची नजर. "तो पुढचा जरा तिरका आहे."

"तो मुद्दाम," बाबा म्हणाले. "यानेच केलीय कवळी. आमच्या मंडळींनी सांगून ठेवलं होतं, तिरकाच राहू दे म्हणून."

बाई नकल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हं," आणि परत कागदावर वाकल्या. निघताना नकल्याने माफीचा विषय काढला, पण त्यांनी वर न बघता हात हलवून दोघांना वाटेला लावलं. हात उत्तम होता. पाच बोटं, सगळी जागच्या जागी.

पुढच्या बुधवारी बाबांची दाढी पहाटेच उरकली होती. बायको कामावर उशिरा जाणार होती. कारण विचारलं तर म्हणाली, असंच. तिघं एका फोनवर वाकून बसले.

'रांग' आली होती. पहिल्या चौकटीत कोटवाला खिडकीच्या अगदी समोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा नंबर लागला होता. खिडकीत एक म्हातारा कारकून, आणि हसताना त्याचा पुढचा दात शेजारच्यावर रेललेला. बाबांच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला. "बोला, काय हवंय?" कारकून विचारतो. एक अख्खी चौकट कोटवाला नुसता उभा. मग तो उजवा हात हळूहळू खिशातून बाहेर काढतो. हाताला मोजा घातलेला आहे. निळा, ओला, थेंब गळत असलेला. टाचेच्या भोकातून अंगठ्याचं तेवढं टोक बाहेर आलंय. 'रांग'मध्ये दिसलेला हाताचा तो पहिलाच खरा तुकडा, आणि तो मात्र झकास जमला होता.

शेवटच्या चौकटीत कोटवाला म्हणतो, "याची जोडी."

आणि खाली, बटणाच्या शेजारी, बारीक अक्षरात: 'मोजेवाल्यांस. पुढचं तुम्ही काढा. माझ्यासारखं नको.'

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बायको त्यांची पाठ चोळत होती आणि स्वतःच रडत होती. "म्हणजे इतकी वर्षं तो मोज्यासाठी रांगेत होता," बाबा धापा टाकत म्हणाले, "आणि आपला मोजा गावभर त्याला शोधत होता!"

नकल्या मनातल्या मनात हिशेब करत होता. उस्तादांनी त्याला काम दिलं होतं, आईने एक तिरका दात दिला होता, आणि या बाईने आधी त्याच्या बापाला हसू दिलं आणि आता त्याच्या हरवलेल्या मोज्याला घर. त्याच्या सगळ्या थट्टेची तिने अशी भरपाई केली होती की आता त्याच्या मोज्याला शोधायला काही उरलंच नव्हतं. सूड घ्यावा तर असा.

रविवारी तो टेबलाशी बसला. समोर कोरा कागद. मोजा खिडकीपाशी पोचवायचा, कोटवाल्याच्या डाव्या हातात चढवायचा, एवढंच काम. पण कुणाच्या रेघेत? काळ्या शाईत सुरुवात केली आणि थांबला. बशीएवढे डोळे आले, ते खोडले. ढगळ कोट आपोआप उमटायला लागला तेव्हा तर त्याने कागदच उलटा केला. आतापर्यंत त्याच्या हाताला नेहमी कुणीतरी सोबत असे. आज सोबत काढून घेतल्यावर तो हात एखाद्या नव्या पाहुण्यासारखा अवघडून बसला होता.

शेवटी त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीत, पेपर मांडीवर, एक हात पेपरावर विसावलेला. नकल्याने तो हात काढायला घेतला. हळू, चाचपडत, मेणात दात बसवताना जसा तो शेजारचा दात बघून बसवायचा तसा, एकेक बोट. मग त्या हाताशी मोजा आणला. बराच वेळ लागला. झाल्यावर त्याने कागद बाबांपुढे धरला.

बाबांनी चष्मा पुसून घेतला. "हे कुणाच्या वळणाचं?"

"माझ्या. बहुतेक."

बाबा कागद जवळ नेऊन, लांब नेऊन बघत राहिले. "करंगळी जरा तिरकी आलीय."

नकल्याने मुकाट्याने खोडरबर उचललं. बाबांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या खिशात टाकलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या आईला ओळखू आलं असतं."